हॉलिवुडमधील स्त्री-दिग्दर्शकांच्या अडचणी

अमेरिकी चित्रपटव्यवसायात दिग्दर्शनाचे काम मिळवताना आणि टिकवताना स्त्रियांना येणारे अडथळे. स्त्रिया या क्षेत्रात उशिरा आल्या हा समज इतिहासाला धरून नाही. मूळच्या फ्रेंच अ‍ॅलिस गी-ब्लाशे यांनी १९१० मध्ये न्यूयॉर्क परिसरात ‘सोलॅक्स’ ही कंपनी काढली. लोइस वेबर १९१६ च्या सुमारास युनिव्हर्सलच्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या दिग्दर्शकांपैकी होत्या. पुढे धंद्यात मोठे भांडवल आले, निर्मिती मोजक्या स्टुडिओंच्या हाती एकवटली आणि स्त्रिया बाहेर फेकल्या गेल्या. १९३० च्या दशकात मोठ्या स्टुडिओंत डोरोथी आर्झनर जवळजवळ एकट्याच उरल्या होत्या. आयडा लुपिनो यांनी नंतर दिग्दर्शन केले, तेही बहुतांशी स्वतःच्या छोट्या कंपनीतून.

१९७९ मध्ये दिग्दर्शकांच्या संघटनेतील (डायरेक्टर्स गिल्ड) सहा स्त्री सभासदांनी कामांच्या जुन्या नोंदी तपासायला घेतल्या. आधीच्या ३० वर्षांत दिग्दर्शनाची अवघी ०.५ टक्के कामे स्त्रियांना मिळाली होती. १९८३ मध्ये गिल्डने वॉर्नर ब्रदर्स आणि कोलंबिया यांच्यावर दावा लावला. गिल्डचे स्वतःचे हितसंबंध आड येत असल्याने तिला या स्त्रियांची बाजू मांडता येणार नाही, असे १९८५ मध्ये न्यायाधीश पामेला रायमर यांनी ठरवले आणि प्रकरण बारगळले. थेट २०१५ मध्ये एका नागरी हक्क संघटनेच्या मागणीनंतर रोजगारातील भेदभाव पाहणाऱ्या सरकारी आयोगाने चौकशी सुरू केली.

पहिला चित्रपट मिळणे अवघड असतेच. दुसऱ्या संधीचे दार त्याहून अरुंद आहे. एलेन मे यांचा ‘इश्तार’ (१९८७) खर्च वाढून आपटला आणि त्यानंतर त्यांनी एकही कथापट दिग्दर्शित केला नाही. पुरुष दिग्दर्शकांची अशी अपयशे हॉलिवुडने अनेकदा पोटात घातली आहेत. यशही पुरेसे ठरतेच असे नाही. पॅटी जेन्किन्स यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मॉन्स्टर’मधील (२००३) नायिकेच्या भूमिकेला ऑस्कर मिळाले, पण जेन्किन्स यांचा पुढचा चित्रपट ‘वंडर वुमन’ २०१७ मध्ये आला; मधल्या काळात त्या दूरचित्रवाणीसाठी काम करत होत्या. कृष्णवर्णीय दिग्दर्शिकांची वाट आणखी बिकट. अमेरिकी चित्रपटगृहांत सर्वत्र प्रदर्शित झालेला आफ्रिकी-अमेरिकी स्त्रीचा पहिला कथापट ज्युली डॅश यांचा, १९९१ चा. पुढे तो राष्ट्रीय चित्रपट-सूचीत जतनासाठी निवडला गेला, तरी मोठ्या स्टुडिओंनी त्यांच्या हाती चित्रपट दिला नाही.

या सगळ्यामागे ‘जोखीम’ हे नेहमीचे कारण पुढे केले जाते: मोठा खर्च आणि साहसपट अनुभवी हातांत द्यावेत म्हणतात, आणि तो अनुभव मिळण्याची सोय मात्र स्त्रियांनाच नाकारली जाते.

दिग्दर्शनाचे ऑस्कर आजवर तिघींना मिळाले: कॅथरिन बिगेलो (२०१०), क्लोई झाओ (२०२१) आणि न्यूझीलंडच्या जेन कॅम्पियन (२०२२). ग्रेटा गर्विग यांच्या ‘बार्बी’ने २०२३ मध्ये जगभरात १.४ अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली. पटकथेसाठी त्यांना नामांकन मिळाले, दिग्दर्शनासाठी नाही. त्या विभागात त्या वर्षी एकच स्त्री होती, फ्रान्सच्या जस्टिन त्रिए.