अंगावरचा कॅमेरा आणि उशिरा आलेला आवाज

शर्टावर चुंबकाने चिकटणारा, हेल्मेटच्या हनुवटीवर बसणारा किंवा चष्म्याच्या काडीत सामावलेला कॅमेरा आज बाजारात सहज मिळतो आणि तो चित्राबरोबर आवाजही टिपतो. त्याचा इतिहास सांगताना बहुधा भिंग, मेगापिक्सेल आणि आकार यांवरच भर दिला जातो. मला मात्र या इतिहासातला आवाजाचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण अंगावर घालायचा कॅमेरा एकोणिसाव्या शतकातच अवतरला होता, त्याला आवाजाची जोड मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली आणि त्यातले सर्वांत अवघड प्रश्नही या जोडीतूनच उभे राहिले.

१८८६ च्या सुमारास अमेरिका आणि जर्मनीत स्टर्न यांचा ‘व्हेस्ट कॅमेरा’ विक्रीला आला. तो थाळीसारखा चपटा आणि गोल होता, कोटाच्या आत गळ्यात अडकवायचा असे आणि त्याचे भिंग काजाच्या भोकातून बाहेर डोकावत असे. आतल्या गोल काचेवर सहा छायाचित्रे निघत. कार्ल स्टॉर्मर हा नॉर्वेजियन विद्यार्थी, जो पुढे गणितज्ञ आणि ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यासक म्हणून नावाजला, १८९० च्या दशकात असा कॅमेरा घालून आजच्या ऑस्लो शहराच्या रस्त्यांवर फिरत असे. ओळखीचे कुणी समोरून आले की तो अभिवादन करी आणि त्या माणसाने हसून हॅट उचलली की खिशातली दोरी ओढून छायाचित्र घेई. नाटककार हेन्रिक इब्सेनही त्याच्या या काचेवर उमटले. त्या काळच्या स्टुडिओतल्या ताठ चेहऱ्यांशेजारी ही छायाचित्रे ठेवली, तर चालताबोलता टिपलेल्या माणसांचा मोकळेपणा लगेच जाणवतो. मात्र आपले छायाचित्र निघाले, याची त्यांतल्या कुणाला गंधवार्ता नव्हती.

याच सुमारास, डिसेंबर १८९० मध्ये, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या बॉस्टनच्या दोन वकिलांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त खासगीपणाच्या हक्काची मांडणी केली. झटपट छायाचित्रण आणि वृत्तपत्रे यांवर त्यांचा मुख्य रोख होता, परंतु बंद खोलीत कुजबुजलेले शब्द छपरावरून जाहीर होतील असा धोका नव्या यंत्रांमुळे निर्माण झाला आहे, असेही त्यांनी बजावले. आवाजाविषयीची ही काळजी अंगावरचा कॅमेरा मुका असतानाच लिहिली गेली, हे विशेष.

चित्र आणि आवाज यांची सांगड कागदावर सर्वांत स्पष्टपणे घातली ती अमेरिकी अभियंते व्हॅनेव्हार बुश यांनी. जुलै १९४५ मध्ये ‘अटलांटिक’ मासिकातील लेखात त्यांनी भविष्यातील संशोधकाच्या कपाळावर अक्रोडाएवढा कॅमेरा कल्पिला. त्याचे बटण बाहीतून हातापर्यंत आलेल्या दोरीने दाबायचे होते. या कल्पनेचा फारसा उद्धृत न होणारा भाग मला अधिक मोलाचा वाटतो: हा संशोधक काम करता करता बोलूनही नोंद करतो, दोन्ही नोंदी वेळेच्या आधारे आपोआप जुळतात आणि तो बाहेर फिरतीवर असेल, तर ध्वनिमुद्रण यंत्राशी रेडिओने जोडलेला राहतो. दोन्ही हात मोकळे राहावेत हा यामागचा हेतू बुश यांनीच नमूद केला होता.

या कल्पनेतला चित्राचा भाग प्रत्यक्षात उतरायलाच अर्धे शतक लागले. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतील स्टीव्ह मान यांनी १९९४ पासून डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून दिसणारी दृश्ये बिनतारी मार्गाने इंटरनेटवर पाठवली. त्यानंतर केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये लिंडसे विल्यम्स यांनी ‘सेन्सकॅम’ घडवला. गळ्यात अडकवलेला हा कॅमेरा ठरावीक अंतराने, तसेच प्रकाश किंवा हालचाल बदलली की आपोआप स्थिरचित्र घेई. केंब्रिजच्याच अॅडनब्रुक्स रुग्णालयातील अभ्यासात स्मृती गमावलेल्या रुग्णांना ही चित्रे पुन्हापुन्हा दाखवल्यावर विसरलेल्या प्रसंगांचा धागा सापडू लागला, असे दिसून आले. रोजच्या नोंदीचा याहून सार्थ उपयोग क्वचितच झाला असेल. तरीही ही चित्रे मूक होती. २०१२ मध्ये स्वीडनमधून आलेली ‘मेमोटो’, म्हणजे पुढची ‘नॅरेटिव्ह क्लिप’, हीदेखील दर तीस सेकंदांनी एक मूक चित्र घेणारी डबी होती. तिची कंपनी २०१६ मध्ये बंद पडली.

आवाज सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला तो खेळाच्या वाटेने. निक वुडमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या गोप्रो कंपनीचा पहिला कॅमेरा २००४ मध्ये आला. तो लाटांवर स्वार होणाऱ्यांसाठी मनगटावर बांधायचा, साध्या ३५ मिलिमीटर फिल्मचा होता. त्याच्या पट्ट्यांचे सुरुवातीचे नमुने वुडमन यांनी आईच्या शिलाई यंत्रावर शिवले होते. २००६ मधील डिजिटल आवृत्ती दहा सेकंदांची चित्रफीत घेई. पुढे ‘एचडी हिरो’ने उत्तम चित्र दिले आणि मग आवाजाची अडचण ठळक झाली. पाणी आत जाऊ नये म्हणून कॅमेरा ज्या बंद कवचात बसवला जाई, त्यातून बोलणे दबके, उशीखालून आल्यासारखे ऐकू येई. त्यावर कंपनीने खाचा असलेले मागचे झाकण दिले. त्यातून आवाज आत जाई, पण मग पाण्यात उतरता येत नसे. आवाज हवा की पाणीरोधकता, यांतले एकच निवडण्याची ही सक्ती आधी २०१५ च्या छोट्या ‘हिरो४ सेशन’ने आणि मग २०१६ च्या ‘हिरो५ ब्लॅक’ने मोडली. तो कवचाशिवाय दहा मीटर पाण्यात चाले, त्यात तीन मायक्रोफोन होते आणि तोंडी आज्ञा देऊन चित्रण सुरू करता येई. दोन्ही हात हँडलवर किंवा दोरावर असलेल्या माणसासाठी ही शेवटची सोय चित्राच्या दर्जाइतकीच मोलाची होती.

वाऱ्याचा प्रश्न मात्र पुरता सुटला नाही. वेगातली हवा मायक्रोफोनच्या नाजूक पडद्यावर आदळून त्याभोवती भोवरे तयार होतात आणि त्यांचा घरघराट माणसाचे शब्द गिळून टाकतो. एकापेक्षा अधिक मायक्रोफोन असलेला कॅमेरा ज्या बाजूला वारा कमी लागतो तिकडचा आवाज उचलण्याचा प्रयत्न करतो, फोमचे किंवा केसाळ आवरण हवेचा वेग मोडते. मोटारसायकलवर फिरणारे मोटोव्लॉगर म्हणूनच कॅमेरा हेल्मेटच्या हनुवटीवरील पट्टीवर, म्हणजे चिन माउंटवर, बसवतात आणि कॉलर माइक हेल्मेटच्या आतल्या गादीत, ओठांजवळ खोचतात. घाटातले वळण चित्रात सुरेख दिसले, पण बोलणे ऐकूच आले नाही, तर त्या चित्रफितीचा अर्धा जीव जातो.

चष्म्याच्या रूपातला कॅमेरा आल्यावर प्रश्न यंत्राकडून समाजाकडे सरकला. २०१३ मध्ये १,५०० डॉलरना मिळालेल्या गुगल ग्लासला अमेरिकेतल्या काही मद्यालयांनी दारातच अडवले आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. २०१६ मध्ये स्नॅपचे ‘स्पेक्टॅकल्स’ आले, सप्टेंबर २०२१ मध्ये फेसबुक आणि रे-बॅन यांचे ‘स्टोरीज’ आले. चित्रण सुरू असल्याचे सांगणारा स्टोरीजवरचा दिवा समोरच्याला पुरेसा दिसतो का, अशी विचारणा आयर्लंड आणि इटलीच्या विदासंरक्षण (डेटा-संरक्षण) यंत्रणांनी केली. २०२३ च्या ‘रे-बॅन मेटा’त पाच मायक्रोफोन आले आणि दिवा झाकला तर चित्रण सुरू होणार नाही, अशी व्यवस्था झाली. माझ्या मते हा दिवा समोर उभ्या असलेल्यापुरताच इशारा देतो. पाठीमागे बसून बोलणाऱ्याचा आवाज मात्र त्याला पत्ता लागू न देता नोंदला जातो.

कायद्यानेही चित्र आणि आवाज यांत बराच फरक केला आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यानुसार संभाषणातील एकाची संमती असेल, तर त्याचे ध्वनिमुद्रण करता येते; कॅलिफोर्नियासारखी राज्ये खासगी संभाषणासाठी सर्वांची संमती मागतात. पोलिसांच्या बॉडी कॅमेऱ्यांतही ही सावधगिरी दिसते. बटण दाबण्याआधीचे काही सेकंद अॅक्सन कंपनीचा कॅमेरा साठवून ठेवतो, परंतु मूळ मांडणीत त्या सेकंदांचे केवळ चित्र राहते आणि आवाज बटण दाबल्यापासूनच सुरू होतो.

आपल्याकडे अंगावरचा कॅमेरा पोलीस आणि मोटोव्लॉगर यांच्याबरोबर रेल्वेतही पोहोचला. २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने तिकीट तपासनिसांना बॉडी कॅमेरे दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक आहे, म्हणजे तिथे आवाज ही कायद्याचीच अपेक्षा आहे. मे २०२५ मध्ये रे-बॅन मेटा २९,९०० रुपयांपासून भारतात विकला जाऊ लागला. त्याच्या वापरावर नेमके बंधन घालणाऱ्या तरतुदी मात्र तोकड्या आहेत. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीच्या खासगी क्षणांच्या प्रतिमेपुरते आहे, त्यात आवाज नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा व्यक्तीच्या वैयक्तिक किंवा घरगुती वापराला लागू होत नाही. टोलनाक्यावरच्या कर्मचाऱ्याशी झालेली बाचाबाची हेल्मेटच्या आतल्या माइकने टिपून कुणी आपल्या वाहिनीवर टाकली आणि त्यावर उत्पन्नही मिळवले, तर तो वापर वैयक्तिक मानायचा का, हे ठरवताना त्या कर्मचाऱ्याची बाजूही ऐकली गेली पाहिजे.