नागमोडी रेघेच्या पलीकडचा तरंग

आठवीतल्या मुलाला ‘तरंग काढ’ म्हणा, तो पेन्सिल न उचलता नागमोडी रेघ ओढून मोकळा होतो. रेघ बरोबरच असते. ती कशाची आहे असं विचारलं की घोळ सुरू होतो. तळ्यातल्या लाटेचा कडेने फोटो काढला तर तो असाच दिसतो. तळ्यावरच्या एकाच पानाची उंची क्षणाक्षणाला टिपून आलेख काढला तर तोही असाच दिसतो. पहिल्या चित्राच्या आडव्या अक्षावर अंतर असतं, दुसऱ्याच्या आडव्या अक्षावर वेळ. मुलं दोन्ही एकच समजतात, आणि मग पाणीच पुढे वाहत जातं असं धरून चालतात. नंतर सूत्रं कितीही घोटली तरी हा गैरसमज हटत नाही. चित्रातून शिरलेला आहे, तेव्हा तो चित्रातूनच काढावा, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून सुट्टीत वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमच्याकडे जमणाऱ्या मुलांच्या हातात मी आधी पुठ्ठा देते. पुठ्ठ्यात दोन मिलिमीटर रुंदीची उभी फट कापायची. कागदाच्या लांब पट्टीवर स्केचपेनने ठळक नागमोडी रेघ काढायची, दोन उंचवट्यांमध्ये बरोबर ५ सेंटिमीटर ठेवून. आता पट्टी फटीखालून ओढायची. फटीत दिसतं फक्त एक टिंब, आणि ते जागच्या जागी खाली-वर होत राहतं. ‘मग पुढे काय गेलं?’ हे मुलं आपणहून विचारतात. पुढे गेला तो आकार, आणि खऱ्या लाटेत त्याच्यासोबत ऊर्जा. पट्टी सेकंदाला १० सेंटिमीटर ओढली तर टिंब सेकंदात दोनदा वर येतं. उंचवटे अडीच सेंटिमीटरवर काढले तर चारदा. वारंवारिता (सेकंदाला किती वेळा) गुणिले तरंगलांबी (दोन उंचवट्यांमधलं अंतर) म्हणजे वेग, हे समीकरण इथे हातानेच सापडतं.

गावातल्या सूरसागर तळ्याच्या पाण्यावरचं पान मात्र या टिंबासारखं अगदी सरळ खाली-वर होत नाही. खोल पाण्यातला प्रत्येक कण छोट्या वर्तुळात फिरतो: उंचवट्यावर असताना लाटेच्या दिशेने, खोलगट भागात असताना उलट. चित्र काढायचं तर पृष्ठभागाखाली वर्तुळांच्या ओळी काढाव्यात, खाली जाताना वर्तुळं लहान लहान करत. अर्ध्या तरंगलांबीइतकं खोल गेलं की हालचाल वरच्या जेमतेम चार टक्के उरते. तळाच्या ओळीत मुलांना नुसती टिंबंच काढावी लागतात, आणि लाट वरवरची असते हे वेगळं सांगावं लागत नाही.

व्यतिकरण, म्हणजे दोन लाटा एकमेकींत मिसळल्यावर काय होतं ते, शिकवायला वडोदरा फार चांगलं गाव आहे. इथल्या फाइन आर्ट्स महाविद्यालयात चित्रकार नसरीन मोहमदी १९७२ पासून १९९० मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत शिकवत होत्या. पेन्सिल आणि शाईने ओढलेल्या त्यांच्या बारीक समांतर रेघांकडे पाहताना डोळ्यांपुढे काहीतरी हलल्यासारखं होतं. त्यांनी तरंगांचं विज्ञान रेखाटलं असं मी म्हणत नाही. पण नुसत्या रेघांच्या दाट-विरळपणातून हालचाल दाखवता येते, हे मुलांना त्या चित्रांवरून चटकन पटतं.

मग आपण दोन ट्रेसिंग पेपर घ्यायचे. प्रत्येकावर एका केंद्राभोवती १ सेंटिमीटरच्या अंतराने वर्तुळं काढायची आणि त्यांना आतून बाहेर क्रमांक द्यायचे. केंद्रं ४ सेंटिमीटर दूर ठेवून एक कागद दुसऱ्यावर ठेवला की वर्तुळं एकमेकांना जागोजागी छेदतात. प्रत्येक छेदबिंदूवर दोन्ही लाटांचे उंचवटे एकत्र आलेत, म्हणजे तिथे पाणी सगळ्यात जास्त उसळणार. आता रंग भरायचे: क्रमांकांतला फरक शून्य असेल तिथे पिवळा, एक असेल तिथे लाल, दोनला हिरवा, तीनला निळा. मधोमध सरळ पिवळी रेघ आणि दोन्ही बाजूंना बाहेर वाकत गेलेल्या तीन-तीन रंगीत रेघा उमटतात. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८०७ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत पाण्यातल्या लाटांची अशीच आकृती दिली होती, आणि प्रकाशही तरंगांसारखा वागतो हे त्यांनी व्यतिकरणाच्याच आधारे मांडलं.

सगळ्यात जास्त रमतात ती मुलं आवाजाने उमटणाऱ्या रांगोळीत. जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनी यांनी १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यावर वाळू भुरभुरून कडेवर व्हायोलिनचा गज फिरवला होता. आपण वाडग्याच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद घट्ट ताणून बांधतो, त्यावर चिमूटभर रवा पसरतो आणि जवळून मोठ्याने ‘आ’ लावतो. रवा उड्या मारत मारत जिथे पडदा हलत नाही तिथे गोळा होतो. या जागांना निस्पंद म्हणतात. सूर चढवला की नक्षी बदलते. अतिशय बारीक, हलकी पूड मात्र नेमकी उलटी वागते. ती सगळ्यात जास्त हलणाऱ्या जागी जमते, कारण थरथरणाऱ्या पडद्याजवळ उठणारे हवेचे छोटे प्रवाह तिला तिकडे ओढून नेतात. हे कारण शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधून काढलं.

सूरसागरजवळच्या संगीत महाविद्यालयाचं मूळ सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ मध्ये सुरू झालेल्या गायनशाळेत आहे. तिथून तबल्याचे बोल ऐकू आले की मुलांना सी. व्ही. रामन यांची गोष्ट सांगावी. साध्या ताणलेल्या कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे येतात, म्हणून ढोल नुसता दणदणतो. तबल्याच्या आणि मृदंगाच्या शाईमुळे, म्हणजे कातड्यावरच्या काळ्या लेपामुळे, हे गुणोत्तर जवळजवळ २, ३, ४ असं पूर्णांकांत येतं आणि वाद्य सुरात बोलतं. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे मांडलं, आणि १९३४ च्या निबंधात कातड्यावर बारीक वाळू टाकून मिळालेल्या आकृत्या दाखवल्या. ती रांगोळीच होती.

राहिला हवेतला आवाज. पुस्तकात तोही नागमोडी काढतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या चित्राने होतं. हवेचे कण आवाजाच्या दिशेनेच पुढे-मागे होतात, त्यामुळे कुठे ते दाट होतात, कुठे विरळ. ध्वनीचं चित्र रेघेचं नाही, ठिपक्यांचं. ३४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३४० कंपनांचा, सूर मुलांना सहज गाता येतो, आणि हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर असतो, म्हणजे दोन दाट पट्ट्यांमध्ये साधारण १ मीटर. हे चित्र खऱ्या मापात काढता येतं. गॅलरीत ५ मीटरची कागदाची गुंडाळी अंथरावी आणि जुना टूथब्रश रंगात बुडवून ठिपके उडवावेत, दर मीटरला एक दाट पट्टा. खाली निम्मा कागद कोरा ठेवावा. वरच्या सप्तकातला तोच सूर तिथे येईल, दर ५० सेंटिमीटरला एक पट्टा.