डूमच्या आधी आयजीआय

कोकणातल्या तिशी-पस्तिशीतल्या माणसाला पहिला शूटिंगचा गेम कुठला खेळलास असं विचारलं, की बहुतेक वेळा उत्तर येतं आयजीआय. हा सगळा प्रकार ज्याने जगभर रुजवला तो डूम त्याने पाहिलेलाच नसतो, आणि पाहिलाच तर वीस-पंचवीस वर्षं उशिरा, मोबाइलवर. चिपळूण असो की कुडाळ, आपल्याकडे हा इतिहास उलट्या क्रमाने पोचला. म्हणून आज कोणी डूम पहिल्यांदा लावला, की त्याची पहिली तक्रार ठरलेली: यात मान वर का होत नाही?

कारण तेव्हाच्या संगणकांत आहे. मे १९९२ मध्ये अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअरने वोल्फेन्स्टाइन थ्रीडी काढला. भिंती सगळ्या काटकोनात, सगळ्या एकाच उंचीच्या, आणि जमीन-छत म्हणजे नुसते रंगाचे पट्टे. १० डिसेंबर १९९३ ला त्याच मंडळींचा डूम आला. आता जिने आले, तिरक्या भिंती आल्या, लुकलुकणारे अंधारे बोळ आले, आणि तेही इंटेलच्या जुन्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर चार एमबी मेमरीत. आयडीचा प्रोग्रामर जॉन कार्मॅक याने नकाशाचे तुकडे आधीच पाडून ठेवले होते, त्यामुळे कुठली भिंत पुढे आणि कुठली मागे हे संगणकाला दर क्षणी नव्याने शोधत बसावं लागत नसे. नकाशा मात्र मुळात सपाटच. त्याला जागोजाग उंची दिलेली, इतकंच. एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली येऊच शकत नाही. माडीचं घर मूळ डूममध्ये बांधता यायचं नाही. मान वर करायची सोय नाही आणि तशी गरजही पडत नाही. उंच कठड्यावरचा राक्षस समोरच्या रेषेत आला, की गोळी आपली आपण वर जाते.

माऊसची गंमत वेगळीच. मूळ डूममध्ये माऊस पुढे ढकलला की माणूसच पुढे चालतो. आजच्या सवयीने वर बघायला म्हणून माऊस सरकवावा, तर पहिल्याच लेव्हलमधल्या नागमोडी पुलावरून आपण थेट हिरव्या विषारी पाण्यात! बाणांच्या कीज चालायला, कंट्रोल गोळीला, स्पेस दार उघडायला, आल्ट धरून बाजूला सरकायला, अशी तेव्हाची रीत. माऊसने मोकळेपणी चहूकडे बघायची सवय लागली ती आयडीच्याच १९९६ च्या क्वेक या गेमनंतर.

डूमचा पहिला भाग, नऊ लेव्हल, फुकट वाटला जायचा. आवडला तर पुढचे दोन भाग पैसे भरून मागवायचे. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली २६ जानेवारी १९९८ ला. डूमची जगभर हवा होती तेव्हा वाडीवर टीव्हीचा अँटेना फिरवणं हेच तंत्रज्ञान होतं.

संगणक आला तो २००० नंतर. एमएस-सीआयटीचे क्लास तालुक्याच्या गावी निघाले, कुणाच्या चाकरमानी काकाने मुंबईहून असेंबल्ड पीसी पाठवला, आणि त्याबरोबर मार्करने नाव लिहिलेल्या कॉपी केलेल्या सीडीज आल्या. त्यांत होता प्रोजेक्ट आयजीआय, डिसेंबर २००० चा. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओने आपल्या लढाऊ विमानाच्या गेमचं इंजिन, म्हणजे दृश्य उभं करणारा मूळ प्रोग्राम, त्याला वापरलं होतं. लांबच लांब मोकळी मैदानं दिसतात ती त्यामुळे. एकट्याने खेळायचा गेम, नेट लागत नाही, चार पोरांचं लॅन, म्हणजे एकमेकांना जोडलेले संगणक, लागत नाही. काऊंटर-स्ट्राइक या टीम करून खेळायच्या शूटिंग गेमला हे सगळं लागायचं, म्हणून तो सायबर कॅफेत राहिला आणि आयजीआय घराघरांत गेला.

पण त्यात मिशनच्या मधे सेव्हच नव्हतं. कुंपणाबाहेर झोपून दुर्बिणीतून टॉवरवरचा स्नायपर हेरायचा, कॅमेऱ्याच्या नजरेत न येता आत शिरायचं, अलार्म वाजू द्यायचा नाही, कारण तो वाजला की बराकीतून माणसं निघतच राहतात. हे सगळं सांभाळत शेवटच्या इमारतीपाशी यावं आणि लाईट जावी. यूपीएस असला तर टी-टी करत पाचेक मिनिटं देणार, तीही संगणक नीट बंद करायला. पावसात तारेवर फांदी पडली की वीज कधी येईल याचा नेम नाही. त्यात २००५ च्या आसपासचं भारनियमन. पण भारनियमनाला निदान वेळापत्रक होतं. ते बघून मिशन सुरू करणारी पोरं होती, आणि चौदाच्या चौदा मिशनं संपवणारी बहुधा त्यांच्यातलीच. आयजीआयचे शत्रू अकलेने यथातथाच, पण त्याचा जो दरारा आठवणीत राहिला त्यातला निम्मा वीज मंडळाच्या खात्यावर टाकायला हवा. डूममध्ये वाटेल तिथे सेव्ह करता येतं. आपल्या विजेला खरं तर तोच मानवला असता.

डूम आजही चालतो याचं कारण असं, की २३ डिसेंबर १९९७ ला आयडीने त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुला केला. लोकांनी तो मिळेल त्या यंत्रावर चढवला आणि माऊसचा तो खोडसाळपणा बंद करायची सोयही दिली. २००९ मध्ये तो आयफोनवर आणि २०१९ मध्ये अँड्रॉइडवर अधिकृतपणे आला. पबजीवर वाढलेल्या पोरांना तिथे जाऊन बघायचा मोह होईल, पण काचेवर अंगठे घासत डूम खेळण्यात मजा नाही. घरातला जुना लॅपटॉप काढावा. खेळाची पातळी विचारली जाईल तेव्हा मधली, 'हर्ट मी प्लेन्टी', घ्यावी. त्याखाली राक्षस फारच कमी भेटतात. आणि एखाद्या भिंतीचा तुकडा शेजारच्यापेक्षा जरा वेगळा दिसला, तर तिथे स्पेस दाबून बघावं. मागे खोली असते, आणि बऱ्याचदा चांगली बंदूकही.