बालसंगोपन संस्था, बेळगाव सीमाभागातील

अनाथ, टाकून दिलेल्या, निराधार किंवा गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना संस्थेत ठेवून वाढवण्याची बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील व्यवस्था. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. पुढे तो म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. त्यामुळे या व्यवस्थेचा पूर्वार्ध मुंबईच्या कायद्यांत शोधावा लागतो आणि उत्तरार्ध बंगळूरच्या.

१८७६–७८ च्या दुष्काळाने बेळगाव, धारवाड, कलादगी हे जिल्हे होरपळले. दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांत आईबाप गमावलेली मुले उरली. सरकारची सोय दुष्काळापुरती. नंतर नातेवाईक सापडले नाहीत तर मूल बहुधा मिशनच्या हाती जाई. लंडन मिशनचे काम बेळगावात १८२० पासून होते. मुले बाटतील या धास्तीने हिंदू समाजात अनाथालयांच्या चळवळीला जोर आला, हेही नमूद करायला हवे. निव्वळ कळवळ्याने हे काम सुरू झाले नाही. नवजात अर्भकांसाठी नावारूपाला आलेली बालहत्या प्रतिबंधक गृहे मात्र पुण्यात (जोतीराव व सावित्रीबाई फुले, १८६३) आणि पंढरपुरात (१८७५) निघाली.

सीमाभागातल्या गरिबाच्या मुलाला खरा आसरा दिला तो बोर्डिंगांनी. कागदोपत्री ती विद्यार्थी वसतिगृहे. पण बाप नसलेल्या मुलाला दोन वेळचे जेवण, अंथरूण आणि शाळा एकाच ठिकाणी मिळत असेल, तर त्याच्या दृष्टीने ते अनाथालयाहून वेगळे नव्हते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातवार बोर्डिंगांना आश्रय दिला. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चे. बेळगावात माणिकबाग जैन बोर्डिंग आणि नागनूर रुद्राक्षी मठाचे प्रसादनिलय ही त्याच परंपरेतली नावे. जमखंडीत जन्मलेल्या विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनची (१९०६) शाखा हुबळीत होती. डॉ. आंबेडकर १९२५ मध्ये निपाणीच्या बहिष्कृत परिषदेला आले आणि १९२९ मध्ये धारवाडला त्यांच्या पुढाकाराने वसतिगृह निघाले. या सगळ्यांत एक अडचण होती: कोणते दार उघडेल ते बहुतेक ठिकाणी जातीवर ठरे, आणि मुलींसाठी दारे फारच थोडी.

सरकार आले ते आधी तुरुंगाच्या वाटेने. १८७६ आणि १८९७ च्या सुधारशाळा कायद्यांनी बालगुन्हेगार वेगळे ठेवण्याची सोय केली. मुंबई बालक अधिनियम (१९२४, नंतर १९४८) यांमुळे निराधार मुलेही न्यायालयाच्या कक्षेत आली. मोठ्या वयाच्या मुलांसाठी धारवाडला बोर्स्टल शाळा (तरुण गुन्हेगारांची सुधारशाळा) होती. चोरी केलेला आणि स्टेशनवर झोपलेला, दोघेही रिमांड होममध्ये; लोकांच्या तोंडी ते नाव अजून आहे आणि त्याला चिकटलेला डागही. राज्यपुनर्रचनेनंतर म्हैसूरचा १९६४ चा बालक अधिनियम आला. अनाथ मुलांच्या सरकारी गृहांना इथे बालमंदिर म्हणतात. दप्तर कन्नडचे झाले. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाचा जबाबही त्याच भाषेत लिहिला जाऊ लागला.

सौंदत्तीच्या यल्लम्माला देवदासी म्हणून सोडलेल्या स्त्रियांची मुले हा इथला खास प्रश्न. मुंबई प्रांताच्या १९३४ च्या आणि कर्नाटकाच्या १९८२ च्या कायद्याने मुली सोडण्यावर बंदी घातली. पण शाळेच्या दाखल्यावरचा बापाच्या नावाचा रकाना त्यांना दीर्घकाळ अडवत राहिला. अथणीच्या विमोचना संघाने अशा मुलांसाठी निवासी शाळा काढली. निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलांचे हाल निराळे: १९६६ च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, परंतु ती कारखान्याला लागू, आणि विड्या वळल्या जातात मुख्यतः घरी.

१९८६ च्या बालन्याय कायद्याने राज्यांचे वेगवेगळे कायदे मागे पडले. त्यात मुलग्याची वयोमर्यादा १६ आणि मुलीची १८ अशी होती, ती २००० मध्ये दोघांसाठी १८ झाली. २०१५ च्या कायद्यात प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची आहे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय ठरवला आहे. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत मूल घरीच राहावे म्हणून कुटुंबाला दरमहा ४,००० रुपये प्रायोजकत्व मिळू शकते. सापडलेल्या मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. मिरज–लोंढा मार्गावर बेळगावला उतरलेले मूल कोल्हापूर किंवा सांगलीचे निघाले, तर चौकशी करून त्याला त्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवले जाते. दोन राज्ये आणि दोन भाषांतली कागदपत्रे जुळेपर्यंत त्याचा मुक्काम बेळगावच्या गृहात.