पत्र्याच्या शेडमधली रेंज

कारखान्यासाठी वायरलेस नेटवर्कची कोटेशनं मागवली की पहिल्याच पानावर वेगाचा आकडा ठळक छापलेला असतो: इतके गिगाबिट, तितके गिगाबिट. घरी सिनेमा बघणाऱ्याला तो आकडा कामाचा. पण शॉपफ्लोअरवर माल वाहणाऱ्या बिनड्रायव्हरच्या गाडीला, म्हणजे एजीव्हीला, 'पुढे जा' एवढं सांगायला शंभरेक बाइट पुरतात. तिथे विचारायचं ते वेगळंच: हा निरोप उशिरात उशिरा किती वेळाने पोचेल? सरासरी नको, सगळ्यात वाईट क्षणाचं सांगा.

कारण यंत्रांना दम धरवत नाही. पीएलसी (यंत्रांना हुकूम सोडणारा छोटा औद्योगिक संगणक) आणि गाडी एकमेकांना ठरावीक अंतराने 'मी आहे' असं कळवत असतात. असे सलग तीन निरोप चुकले की संपर्क तुटला असं धरून गाडीने जागच्या जागी थांबायचं, असं बऱ्याच ठिकाणी सेट केलेलं असतं. शे-दोनशे मिलिसेकंदांचा खोळंबा फोनवर बोलताना फारसा जाणवत नाही. इथे मागची अख्खी लाइन उभी राहते.

आणि जागा तर रेडिओलहरींना छळायलाच बांधल्यासारखी. वर पत्रा, बाजूला लोखंडी रॅक, मधे प्रेस. लहरी या धातूवर आपटून परततात आणि एकच निरोप दहा वाटांनी, थोडा पुढेमागे पोचतो. काही ठिकाणी या लहरी एकमेकींत मिळून जोर धरतात, काही ठिकाणी एकमेकींना पुसून टाकतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. त्यामुळे चांगली रेंज आणि खड्डा यांत कधीकधी तीन सेंटिमीटरचंच अंतर असतं. टॅब दोन बोटं सरकवला की चालू, परत जागेवर ठेवला की बंद, हा प्रकार त्यातलाच. वरून क्रेन सरकली किंवा शेजारून फोर्कलिफ्ट गेला की खड्ड्यांच्या जागाच बदलतात. (मेंटेनन्सवाले सगळा दोष वेल्डिंगला देतात. पण त्या ठिणग्यांचा गोंगाट वायफायच्या पट्ट्यापर्यंत येईतो बराच मंदावलेला असतो.)

वायफायची खरी अडचण त्याच्या शिस्तीत आहे. बोलण्याआधी कान द्यायचा, कोणी बोलत असेल तर थांबायचं, मग यदृच्छेने ठरलेला थोडा वेळ जाऊ देऊन पुन्हा प्रयत्न करायचा. गर्दी वाढली की थांबणं वाढतं आणि किती वाढेल याची हमी नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनेल जेमतेम तीन, आणि त्यातच कंत्राटदाराच्या माणसांचे हॉटस्पॉट. भारतात २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा विनापरवाना खुला झाला, तेव्हापासून यंत्रांना तिकडे हलवणं सोपं झालं आहे.

त्याहून चिवट दुखणं धावत्या गाडीचं. एका अ‍ॅक्सेस पॉइंटचा, म्हणजे वायफायचा सिग्नल देणाऱ्या पेटीचा, हात सोडून दुसऱ्याचा कधी धरायचा, हे वायफायमध्ये गाडीतलं उपकरण स्वतः ठरवतं. काही उपकरणं इतकी हट्टी की मागचा पॉइंट क्षीण झाला तरी सोडत नाहीत. सोडल्यावर नव्या ठिकाणी ओळख पटवण्यात पुन्हा वेळ जातो. तो वाचवणारी जलद पद्धत मानकात आहे, पण जुने बारकोड स्कॅनर ती पाळतीलच असं नाही. मोबाइल नेटवर्कमध्ये हा निर्णय नेटवर्क घेतं, आणि कोणी कधी बोलायचं तेही तेच ठरवतं. खासगी ५जीचं, म्हणजे कारखान्यापुरत्या स्वतंत्र मोबाइल नेटवर्कचं, आकर्षण यात आहे, वेगात नाही. जाहिरातीतला एक मिलिसेकंदाचा विलंब मात्र प्रत्यक्षात क्वचितच दिसतो.

चाकणच्या महिंद्राच्या कारखान्यात एअरटेल आणि टेक महिंद्रा यांनी ५जी बसवल्याचं २०२२च्या अखेरीस जाहीर झालं. तिथलं काम होतं एकाच वेळी अनेक नव्या मोटारींत सॉफ्टवेअर भरणं आणि कॅमेऱ्याने रंगाची तपासणी. एवढा पसारा असेल तर खर्च शोभतो. जर्मनीत २०१९ पासून ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झचा पट्टा अशा स्थानिक वापरासाठी राखून ठेवला आहे आणि कारखाने तो थेट मागू शकतात. आपल्याकडे जून २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खासगी नेटवर्कची वाट खुली केली. तरी पन्नास स्कॅनर आणि चार टॅबवाल्या भोसरीतल्या युनिटने या फंदात पडू नये, असं माझं मत.

टाकीची पातळी किंवा विजेचं मीटर तासातून एकदा कळवणारे सेन्सर असतील तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवरचं लोरा (थोडा मजकूर कमी विजेत लांबवर पोचवणारं रेडिओ तंत्र) पुरतं. बॅटरी काही वर्षं जाते. रिफायनरीसारख्या ठिकाणी वायरलेसहार्ट हे सेन्सरांसाठीचं वायरलेस मानक आहे, ज्यात प्रत्येक सेन्सरला १० मिलिसेकंदांची ठरलेली पाळी मिळते. सरळ रुळावरच्या क्रेनसाठी तर बाहेरच्या आवरणात मुद्दाम फटी ठेवलेली केबल रुळाला समांतर टाकतात. त्या फटींतून लहर वाटभर पाझरते आणि अँटेना सतत हातभर अंतरावर राहतो. आणि रोबोटच्या सांध्यांचा ताळमेळ? तो तारेवरच ठेवावा.

कोणतंही निवडा, मोजमाप रिकाम्या शेडमध्ये करू देऊ नका. रॅकवर शीतपेयाचे खोके चढले की तेच अंतर लहरींना जड जातं, कारण पाणी त्या शोषून घेतं. माल भरलेला, क्रेन चालू, दोन शिफ्टची माणसं एकत्र आलेली, अशा वेळी दिवसभराच्या नोंदी घ्यायला लावा. आणि विक्रेत्याकडून सरासरीऐवजी लाखातले सगळ्यात उशिरा पोचलेले दहा निरोप मागा.