‘गूण’ लिहिणारं मूल नीटच ऐकत असतं

‘गुण’ लिहायला सांगितलं की दुसरी-तिसरीतली कितीतरी मुलं ‘गूण’ लिहितात. त्यावर लाल शाईचा गोल पडतो आणि तोच शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगितला जातो. मुलाने मात्र कानावर आलं ते इमानेइतबारे उतरवलेलं असतं. ‘गुण’ आणि ‘ऊन’ मोठ्याने म्हणून पाहा. दोन्हींतला उकार सारखाच लांबतो. मराठीत शेवटच्या अक्षरातला ‘अ’ आपण उच्चारत नाही, त्यामुळे त्याच्या आधीचा इकार किंवा उकार बोलताना आपोआप लांबतो. विहीर, फूल, गरीब हे लेखनही या उच्चाराला धरूनच आहे. ‘गुण’ हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला, म्हणून त्यातला ऱ्हस्व उकार कागदावर टिकला. कानाला तो कळणार कुठून?

त्यामुळे शब्दांचे दोन गट करूनच शिकवावं, असं मला ठामपणे वाटतं.

पहिल्या गटात कान उपयोगी पडतो. फळ्यावर विहीर–विहिरीत, फूल–फुलाला, गरीब–गरिबाला, वकील–वकिलाला अशा जोड्या लिहाव्यात, मुलांकडून मोठ्याने म्हणून घ्याव्यात आणि काय बदललं ते त्यांनाच शोधू द्यावं. प्रत्यय लागला की शब्द लांबतो आणि आधीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, हे मुलांच्या लवकर लक्षात येतं. मग ‘चूल’ दिली की ‘चुलीवर’ ती स्वतःच लिहितात. साहित्य महामंडळाचे १९६२ आणि १९७२ सालचे मिळून १८ लेखननियम आहेत. ते पाठ करून घेण्याचं हे वय नव्हे. एवढी एक खूण कळली तरी मोठं काम होतं.

दुसऱ्या गटात संस्कृतातून जसेच्या तसे आलेले गुण, विष, शरीर असे शब्द. ‘शरीर’चं ‘शरीराला’ होतं, ‘री’ दीर्घच राहते. इथे स्मरणाला पर्याय नाही. पण दहा वेळा लिहिणारं मूल जवळून पाहा: पुष्कळदा ते आधी ‘श’ दहा वेळा खाली-खाली लिहितं, मग ‘री’, मग ‘र’. सबंध शब्द त्याच्या मनातून एकदाही जात नाही. आठवून काढल्याने स्मृती पक्की होते, हे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे. म्हणून शब्द पाहावा, झाकावा, आठवून लिहावा, उघडून स्वतःच अक्षरन् अक्षर ताडून पाहावा. रोज चार-पाचच शब्द घ्यावेत आणि तेच दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा विचारावेत.

श्रुतलेखनाच्या वह्या गोळा करून परवा परत देण्यात मोठं नुकसान आहे. थॉमस हॉर्न या संशोधकाने १९४७ साली अमेरिकेतल्या सहावीच्या मुलांबाबत हेच नोंदवलं: मुलांनी आपली चाचणी आपणच लगेच तपासली की शब्दलेखनातली बहुतेक प्रगती तेवढ्यावरच होते.

आणखी एक. ‘अचूक शब्द ओळखा’ या प्रश्नात एका बरोबर शब्दाशेजारी तीन चुकीचे छापलेले असतात. चुकीचं रूप नुसतं डोळ्यांखालून गेलं तरी पुढे तो शब्द लिहिताना गोंधळ वाढतो, असं मोठ्यांवरच्या प्रयोगांतही आढळलं आहे. ज्यांच्या मनात शब्दाचं रूप अजून ठरायचंच आहे, त्या पहिली ते तिसरीच्या मुलांना हा प्रश्न देऊच नये.