प्रेक्षक आल्याने कारखाना असुरक्षित होतो का?

"बाहेरची माणसे आत आली की कारखान्याची स्वच्छता आणि सुरक्षितता बिघडते, म्हणून त्याची इमारत बंदिस्तच असावी," असा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जात आहे. त्यामागची काळजी रास्त आहे. मात्र धोका माणसांच्या येण्यात नसून त्यांची वाट आणि मालाची वाट एकमेकींना छेदण्यात असतो. म्हणूनच दुग्धप्रक्रियेसारख्या कारखान्यात प्रेक्षकांसाठी वेगळे प्रवेशद्वार, वेगळा जिना आणि न उघडणाऱ्या काचेआडचा सज्जा आखता येतो. शिवाय जिथे अन्न उघडे असते त्या दालनातील हवेचा दाब शेजारच्या जागेपेक्षा किंचित जास्त ठेवला, तर फटीतूनही हवा आतून बाहेरच वाहते. कोपनहेगनमधील आमागर बाके या कचरा जाळून वीज व उष्णता निर्माण करणाऱ्या प्रकल्पाच्या तर छतावरच २०१९पासून लोक स्कीइंग करतात.

हे कोणालाही पडताळता येते. भेटीला गेल्यावर आपल्या वाटेत ट्रक किंवा फोर्कलिफ्ट येतात का, सज्जातून थेट उत्पादनदालनात उघडणारे दार आहे का आणि बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग स्पष्ट दिसतो का, हे पाहावे. यांतील पहिली बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दाराजवळ दाबमापक असल्यास त्यावरील आकड्याचा अर्थ मार्गदर्शकाला अवश्य विचारावा.